औषधप्रतिरोधाची वाट सांडपाण्यातून

प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंचा विषय निघाला की बोट जाते ते डॉक्टरांच्या चिठ्ठीकडे आणि मनाने गोळ्या घेणाऱ्या रुग्णाकडे. त्यात चूक नाही, पण तो अर्धाच विचार आहे असे माझे ठाम मत आहे. प्रतिरोधाची कितीतरी जनुके प्लास्मिडवर असतात. प्लास्मिड म्हणजे जिवाणूच्या मुख्य गुणसूत्राहून वेगळे, बहुधा वर्तुळाकार डीएनए. दोन जिवाणू जोडले गेले की त्याचा एक धागा दुसऱ्यात शिरतो, दोघेही जोडीचा धागा तयार करतात आणि देणाऱ्याचे काहीच कमी होत नाही. दोघे एका जातीचे असावे लागतात असेही नाही. 1950च्या दशकात जपानमध्ये आमांशाचे शिगेला जिवाणू चार-चार औषधांना एकदमच जुमानेनासे झाले. असा प्रतिरोध ई. कोलायकडून शिगेलाकडे नुसत्या संपर्काने जातो, हे तिथल्याच संशोधकांनी 1959च्या सुमारास दाखवले.

आपल्याकडचा पुरावा अधिक बोचरा आहे. कार्बापेनेम ही राखीव औषधे निकामी करणारे एनडीएम-1 जनुक 2008मध्ये स्वीडनमधल्या एका रुग्णात सापडले. त्याआधी त्याच्यावर दिल्लीत उपचार झाले होते. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी 2010मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या 24 जिवाणूंपैकी 22 जिवाणूंत तेच जनुक होते. 2011मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिल्लीत साचलेल्या पाण्याच्या 171 नमुन्यांपैकी 51 आणि नळाच्या 50 पैकी 2 नमुन्यांत ते आढळले. म्हणजे ज्याने आयुष्यात कार्बापेनेम घेतले नाही, त्याच्याही पोटात ते पाण्यावाटे पोहोचू शकते.

यावर आक्षेप असा की प्लास्मिड सांभाळणे जिवाणूला महागात पडते. औषधांचा वापर घटला की ते आपोआप गळून जाईल. काही अंशी हे खरे आहे. पण अनेक प्लास्मिड स्वतःला टाकून देणाऱ्या पेशीलाच मारण्याची तजवीज बाळगतात, आणि एकाच प्लास्मिडवर पाच-सहा औषधांचा प्रतिरोध असेल तर त्यांतले एक औषध चालू असले तरी बाकीच्यांचा प्रतिरोधही टिकून राहतो. औषधांचा अतिरेक प्रतिरोधी जिवाणूंना निवडतो, अस्वच्छता त्यांना पसरवते. 2018मध्ये अनेक देशांच्या माहितीची तुलना झाली, तेव्हा प्रतिरोधाचे नाते औषधांच्या खपापेक्षा स्वच्छता आणि कारभाराच्या दर्जाशी अधिक घट्ट दिसले.

मराठवाड्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. नांदेड आणि लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत गावोगावचे रुग्ण येतात आणि तिथले जिवाणू आतड्यांत घेऊन घरी परततात. 2016च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. जिथे प्यायलाच पाणी नाही, तिथे हात धुणे आधी मागे पडते. आधी गरिबाला औषध मिळू द्या, स्वच्छतेचे नंतर पाहू, असे कोणी म्हणेल. पण शुद्ध पाण्याने जुलाब टळले तर तेवढ्या गोळ्याही वाचतात. म्हणून गोदावरी आणि मांजरेत प्रक्रिया न केलेले सांडपाणी, विशेषतः रुग्णालयांचे, एक थेंबही जाता कामा नये. नगरसेवक मत मागायला येईल तेव्हा सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचा हिशेब मागा. तो आपल्या औषधांच्या भवितव्याचाच हिशेब आहे.