आमचीं ओतीव विमानें

छंद जडावा लागतो, तो जोडतां येत नाहीं, असें आमचे एक गुरुजी म्हणत असत. आम्हांस आमचा छंद जडला तो एका अपराधांतून. आणि या अंकाचे बहुतेक वाचक आज ज्या वयाचे आहेत, त्याच वयांत तो अपराध आमच्या हातून घडला. म्हणून ती हकीकत त्यांच्यापुढें मांडण्यास हरकत नसावी.

आमच्या कपाटांत आज ४२ जुनीं खेळण्यांतलीं विमानें आहेत. सारीं धातूचीं, आणि बहुतेक तळहातावर सहज मावतील एवढींच. घरची मंडळी त्यांस 'भंगार' म्हणतात. पाहुणे मोठ्या कौतुकानें विचारतात, "नातवंडांसाठीं का?" नातवंडांस तीं हाताळण्याची मनाई आहे, हें सांगतांना आम्हांस दर वेळीं ओशाळल्यासारखें होतें.

यांतील पुष्कळ विमानांचें जन्मस्थान एकच. लिव्हरपूल शहरीं बिन्स रोडवर मेकॅनो कंपनीचा कारखाना होता. तिचे संस्थापक फ्रँक हॉर्नबी यांनीं १९०१ सालीं भोकें पाडलेल्या पट्ट्या जोडून यंत्रें बनविण्याच्या खेळाचें पेटंट घेतलें. पुढें १९२० पासून त्यांच्या छोट्या आगगाड्या निघूं लागल्या. आगगाडी आली म्हणजे स्टेशन आलें, स्टेशनाबाहेर मोटारी आल्या. अशा रीतीनें जीं चिमुकलीं खेळणीं निघालीं, त्यांस १९३४ सालीं 'डिंकी टॉइज' हें नांव मिळालें आणि त्याच वर्षीं सहा विमानांचा पहिला संच बाजारांत आला. त्यांत इंपीरियल एअरवेजचें चार एंजिनांचें एक विमान होतें. तसल्याच खऱ्या विमानांनीं त्या काळीं कराचीहून कलकत्ता, रंगून व सिंगापूर येथवर टपाल व उतारू जात. दुसरें होतें 'लेपर्ड मॉथ'. खरें लेपर्ड मॉथ १९३३ सालीं प्रथम उडालें, आणि त्याच वर्षीं त्याचे निर्माते जेफ्री डी हॅविलंड यांनीं स्वतः तें चालवून इंग्लंडांतील 'किंग्ज कप' ही शर्यत जिंकली. लागलीच दुसऱ्या वर्षीं तें मुलांच्या हातीं खेळण्याच्या रूपानें आलें.

याच चिमुकल्या लेपर्ड मॉथशीं आमचा संबंध येतो.

आमचे मामा लहानपणीं विलेपार्ल्यास राहत. १९३२ च्या ऑक्टोबरच्या १५ तारखेस जहांगीर टाटा यांनीं 'पस मॉथ' जातीच्या विमानांतून कराचीहून अहमदाबादमार्गें जुहूस टपाल आणलें, तेव्हां मामांचें वय अवघें सहा वर्षांचें. जुहूची धांवपट्टी पावसाळ्यांत चिखलांत बुडे, आणि टपालाचें विमान तेवढ्यापुरतें पुण्यास हलवावें लागे. पावसाळा संपून घरघर पुन्हां ऐकूं येऊं लागली कीं पार्ल्यांतील मुलें अंगणांत धांवत. आमच्या आजोबांनीं १९३६ सालीं फोर्टांतील एका दुकानांतून चंदेरी रंगाचें लेपर्ड मॉथ मामांना आणून दिलें. त्या महिन्यांत आजोबांनीं विडी ओढली नाहीं, असें आजी सांगे. धड ओतीव, पंख पत्र्याचे, आणि नाकाशीं फुंकर घातली कीं फिरणारा पंखा. मामांनीं तें तीस वर्षें जपलें, आणि १९६६ सालीं, आम्ही अकरा वर्षांचे असतां, आमच्या वाढदिवशीं आमच्या हातीं ठेवलें.

त्याच वर्षीं शाळेंत वस्तुप्रदर्शन भरलें. विमानाचा चंदेरी रंग कोठें कोठें उडाला होता. असली कळाहीन वस्तु टेबलावर कशी मांडावी? घरच्या फाटकाला लावून उरलेला लाल तैलरंग डब्यांत होता. आम्हीं तो दोन हातांनीं, म्हणजे दोनदां, विमानावर चढविला; पंखा त्यांत चिकटून बसला. प्रदर्शनास मामा आले, टेबलापुढें बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "रंग छान बसला आहे हो." आम्हीं ती शाबासकी समजलों, व घरीं येऊन आईस तसें सांगितलेंही. आई कांहीं बोलली नाहीं.

मध्यें सोळा वर्षें गेलीं. १९८२ सालीं त्या पहिल्या उड्डाणास पन्नास वर्षें झालीं, म्हणून ७८ वर्षांचे टाटा पुन्हां एकटे विमान चालवीत कराचीहून मुंबईस आले. या खेपेस विमान लेपर्ड मॉथ होतें. मामांनीं वर्तमानपत्रांतील छायाचित्र आमच्यापुढें सरकविलें.

"ओळखलेंस का?"

"नाहीं, मामा."

"पस मॉथचा हा धाकटा भाऊ. तुला दिलें होतें तें हेंच."

त्यांच्या स्वरांत राग मुळींच नव्हता. राग असता तर बरें झालें असतें. त्या रात्रीं आम्हीं माळ्यावरून लाल विमान काढून पाहिलें. रंगाचे ओघळ वाळून पंखाखालीं थेंब जमले होते, आणि ज्या बारीक अक्षरांत कारखान्याचें नांव होतें, तीं बुजून गेलीं होतीं. मामांना तसेंच दुसरें, मूळ रंगाचें, आणून द्यावयाचें असें आम्हीं ठरविलें. आणि येथून आमचा संग्रह सुरू झाला. हवें तें मिळेना, नको तीं मिळत गेलीं, आणि नको तींही हळूहळू हवींशीं वाटूं लागलीं!

शोध घेतां घेतां पुष्कळ शिकलों. महायुद्धाच्या काळांत कारखाना युद्धसामग्रीकडे वळला; तरी १९४० सालीं त्यांनीं आपल्या चिमुकल्या स्पिटफायर विमानास कडी लावून तें खऱ्या स्पिटफायर विमानांच्या निधीसाठीं विकलें. बिन्स रोडचा कारखाना १९७९ सालीं बंद पडला. त्याचे कांहीं जुने साचे त्यापूर्वींच कलकत्त्यास आले होते, आणि त्यांतून 'निकी टॉइज' या नांवाच्या मोटारी निघत असत. तसली एक मोटार आमच्याही संग्रहांत आहे. तिला पंख नाहींत, तरी नात्यातली म्हणून तिला आम्हीं जागा दिली.

१९९६ सालीं एका शुक्रवारीं पहांटे, मुंबईच्या चोर बाजारांत, कुलपांच्या व नळाच्या तोट्यांच्या ढिगांत आम्हांस चंदेरी पंखाचें टोंक दिसलें. दुकानावर चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा बसला होता. त्यानें २०० रुपये सांगितले. विलायतेंत त्या वस्तूस कितीतरी पट मोल येतें, हें आम्हांस पक्कें ठाऊक होतें. आणि तरीही आम्हीं घासाघीस करून १५० रुपयांस तें घेतलें. हें लिहितांना बरें वाटत नाहीं. पुढच्या शुक्रवारीं ५० रुपयांची नोट वेगळी घेऊन गेलों, तों त्या जागीं दुसरेंच दुकान मांडलेलें.

मामांनीं विमान हातांत घेतलें, फुंकर घालून पंखा फिरविला, आणि मनापासून हंसले. मग तें आम्हांस परत देऊन म्हणाले, "तुझ्याजवळच राहूं दे. माझ्या घरीं तें कोण पाहणार?" आम्हीं पुष्कळ आग्रह केला, पण त्यांनीं तें ठेवून घेतलें नाहीं.

आतां धातूविषयीं थोडें सांगितलें पाहिजे, कारण पुढील गोष्ट त्याशिवाय कळावयाची नाहीं. हीं खेळणीं मुख्यतः जस्ताचीं. जस्तांत थोडें अल्युमिनियम वगैरे मिसळून, सुमारें ४०० अंश उष्णतेवर वितळलेला तो रस पोलादी साच्यांत दाबानें भरतात. कांहीं क्षणांत वस्तु तयार होते. परंतु जस्त अत्यंत शुद्ध असावें लागतें. त्यांत शिशाचा नुसता अंश मिसळला, तर तो धातूच्या कणाकणांच्या सांध्यांत जाऊन बसतो, आणि हवेंतील ओलावा त्या वाटेनें आंत शिरतो. वस्तु फुगते, वांकते, तिला भेगा पडतात, आणि शेवटीं ती बिस्किटासारखी कुसकरते. संग्राहक यास जस्ताची कीड म्हणतात; तींत किडा कोठेंच नसतो, आणि तीवर औषधही नाहीं. ओलावा दूर ठेवून ती लांबवितां येते, एवढेंच. कारखान्यांत एखादे दिवशीं शिशाचा तुकडा रसांत पडला असला, तर त्या दिवसाचीं सारीं खेळणीं जन्मतःच रोगी. आणि तें कळावयास कधीं कधीं पुष्कळ वर्षें लागतात.

२००३ च्या पावसाळ्यांत आम्हीं कपाट उघडलें, तों चोर बाजारांतून आणलेल्या लेपर्ड मॉथच्या धडावर केंसासारख्या रेघा दिसल्या. आम्हीं घाईनें सिलिका जेलच्या पुड्या आणून ठेवल्या. गणपतीच्या आधींच विमानाचें नाक गळून फळीवर पडलें, पंख्यासकट. माळ्यावर सदतीस वर्षें विनाजपणूक पडलेलें लाल विमान मात्र खडखडीत होतें. आमच्या तैलरंगानें तें वांचविलें, असा तर्क आमच्या धाकट्या मुलानें केला. आम्हांसही तो फार आवडला असता; परंतु ही कीड धातूच्या पोटांतूनच निघते, वरच्या रंगाची ती पर्वा करीत नाहीं. ज्या दिवशीं तें ओतलें, त्या दिवसाचा रस निर्मळ होता, इतकेंच.

तें घेऊन आम्ही मामांकडे गेलों. ते तेव्हां ७७ वर्षांचे होते, नजर मंदावली होती. दोन विमानांची हकीकत त्यांनीं ऐकून घेतली, आणि मग, सदतीस वर्षांत प्रथमच, आम्हीं त्यांची क्षमा मागितली. त्यांनीं उत्तर दिलें नाहीं. लाल विमान खिडकीकडे नेलें, आणि डाव्या पंखाच्या टोंकाशीं अंगठ्याच्या नखानें हळूहळू खरवडूं लागले. बराच वेळानें तांदळाच्या दाण्याएवढी चंदेरी जागा उघडी पडली. ती त्यांनीं आम्हांस दाखविली, आणि चहा ठेवावयास सांगितला.

रंग काढण्याचें द्रावण मिळतें. तें लावल्यास खालचा मूळ रंग कदाचित् राहील, कदाचित् जाईल. त्याची बाटली आम्हीं त्याच आठवड्यांत आणली. ती अद्याप उघडलेली नाहीं.