गाडीने हवा धरली

आम्ही पेशाने कारकून. बी.कॉम. झाल्यापासून आकड्यांशीच संबंध, पान्याशी कधी आला नाही. तरीही आज डिझेल गाडीच्या दुरुस्तीचा विषय घेऊन वाचकांपुढे आलो आहोत. कारण त्या दुरुस्तीत आमच्या पिंगळीतल्या बारा बायकांच्या बचतीचा पैसा अडकला होता, आणि तो पैसा आमच्या शब्दावर दिला गेला होता.

2018 च्या पावसाळ्यातली गोष्ट. वस्तीतल्या एका तरुणाने जुनी डिझेल जीप घेतली. त्याची आई बचत गटात आहे आणि गटाची वही आम्ही लिहितो. "पोरगा कष्टाळू आहे, हप्ता बुडायचा नाही," असे बैठकीत आम्हीच सांगितले आणि गटाने चाळीस हजार रुपये मोजून दिले. पिंगळीला परभणी-पूर्णा मार्गावरचे रेल्वे स्टेशन आहे, पण आगगाडीची वेळ आणि माणसाची वेळ जुळतेच असे नाही. जीपला सकाळी परभणीची शिटं मिळत. कॉलेजच्या मुली, बांधकामावर जाणारे गडी, दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसे.

दोन महिने बरे गेले. मग जीप सकाळी उठेना. स्टार्टर मारून मारून बॅटरी बसायची. चालू झालीच तर दोन मिनिटांत बंद. बॉनेट उघडून हातपंप मारला की पुन्हा चालू. उभ्या गाडीत इंजिनाचा आवाज आपोआप चढायचा, उतरायचा, आणि चढाला तर ओढच नाही. शिटं दुसऱ्या गाडीत बसू लागली. दोन हप्ते थकले.

पोराने जीप शहरातल्या एका गॅरेजात नेली. तिथल्या कारागिराने खाली वाकून पाहिले आणि निकाल दिला, "कुठंच गळती नाही. म्हणजे मेन पंप गेला. उतरवून खोलावा लागेल. अठरा हजार धरा."

रविवारी गटाची बैठक बसली. पोराची आई मान खाली घालून कोपऱ्यात. आणखी अठरा हजार द्यायचे की नाही एवढाच प्रश्न होता आणि आम्ही पेन उघडून बसलो होतो. तेवढ्यात भाजी विकणाऱ्या एक बाई, ज्या सही करायला गटात आल्यावर शिकल्या, त्या म्हणाल्या, "भाऊ, पंप बिघडला हे कुणी बघितलं का? का दुसरं काही सापडलं नाही म्हणून पंप?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. बिल जोडल्याशिवाय व्हाउचरवर सही न करणारे आम्ही, आणि इथे नुसत्या तोंडी शब्दावर अठरा हजार लिहायला निघालो होतो! ठराव तसाच ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पोराला घेऊन गावातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीमामांकडे गेलो. मामांचे आयुष्य विहिरीवरची डिझेल इंजिने दुरुस्त करण्यात गेलेले.

मामांनी पान्याला हात लावण्याआधी विचारले, "रात्री गाडी कुठं लावतोस?"

"घराच्या उताराला, मामा. तोंड वर करून."

"सपाटीला लावली तर?"

पोरगा थोडा आठवून म्हणाला, "तवा जरा लवकर चालू होती."

"मग एअर घेती. आन् थेंब गळत नाही म्हणून तर मला जास्त शंका येती."

हे आमच्या डोक्यात शिरेना. तेव्हा मामांनी विहिरीचा दाखला दिला. मोटरच्या पुढचा, पाणी फेकणारा पाइप फुटला की चिळकांडी उडते आणि आंधळ्यालाही गळती कळते. पण विहिरीतून पाणी ओढणारा पाइप चिरला तर बाहेर थेंबही येत नाही. उलट तिथून हवा आत जाते, मोटर पाणी धरत नाही आणि पाइपातले पाणी खाली विहिरीत उतरते. जीपचेही तसेच. टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढले जाते, तिथे दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी. फीड पंपाच्या पुढे फिल्टर आणि मेन पंप, तिथे डिझेल ढकलले जाते. पुढची गळती ओली असते, मागची कोरडी. रात्रभर कोरड्या चिरेतून हवा शिरते, डिझेल टाकीकडे उतरते आणि सकाळी पंपाच्या तोंडी हवा येते.

हवेने इंजिन बंद का पडावे, हेही आम्ही विचारून घेतले. डिझेल इंजिनाला ठिणगीचा प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा दाबून तापते आणि तिच्यावर नोझलमधून डिझेलचा फवारा पडला की ते पेटते. जुन्या इंजिनात नोझल उघडायलाच दर चौरस सेंटिमीटरला शे-दोनशे किलोचा दाब लागतो. डिझेल दबत नाही म्हणून पंपाचा धक्का थेट नोझलपर्यंत पोचतो. मध्ये हवेचा बुडबुडा आला की तोच दबतो, फुगतो, आणि नोझल बंदच राहते. आमच्या भागात अजूनही त्या पंपाला मायको पंप म्हणतात. ही कंपनी 1951 मध्ये बंगळूरला निघाली, तिचा नोझलचा कारखाना आपल्या नाशकात आहे. 2008 मध्ये कंपनीचे नाव बदलून बॉश झाले, पण गॅरेजातल्या बोलीत मायको ते मायकोच.

असो. मामांनी आधी टाकीचे तोंड पाहिले. झाकण हरवलेले, त्याजागी प्लास्टिकची पिशवी गच्च बांधलेली. मामा चिडले. टाकीत वरून हवा गेली नाही तर डिझेल ओढले जाणार कसे? पिशवी सोडली, जीप चालवून पाहिली. दुखणे कायम.

मग फीड पंपाच्या अलीकडे पारदर्शक नळीचा तुकडा बसवला. नवीन जोडणीत थोडी हवा राहतेच, म्हणून पाचएक मिनिटे इंजिन चालू ठेवले. तरी नळीत सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे येतच राहिले.

यानंतर मामांनी जे केले ते पाहून आमच्यातला कारकून खूश झाला. टाकीकडून येणारी लाइन सोडवली आणि फीड पंपाची नळी स्वच्छ डिझेलच्या डब्यात सोडली. डबा बॉनेटशेजारी बांधला. हातपंपाने हवा काढून इंजिन चालू केले. पंधरा मिनिटे, वीस मिनिटे, एकही बुडबुडा नाही आणि आवाज एकसारखा. म्हणजे फीड पंप, फिल्टर, मेन पंप सगळे निर्दोष! तेरीज जुळत नसली की आम्ही अर्धी खाती बाजूला काढून बेरीज घेतो, चूक कोणत्या अर्ध्यात आहे ते आधी ठरवतो. मामांनी डब्याने तेच केले. अठरा हजारांचा पंप त्या डब्याने वाचवला.

आता राहिली टाकीकडची लाइन. तिची दोन्ही टोके सोडवून एक बंद केले, दुसऱ्याला सायकलचा पंप लावला. टाकीत मात्र कधी हवा भरू नये, असे मामांनी दोनदा बजावले. पोरगा हळू हळू हवा मारत होता, आम्ही साबणाचा फेस लावत होतो. टाकीजवळच्या रबरी नळीवर, क्लिपच्या खालच्या बाजूला फेस फुगला. नळी काढून वाकवली तर चीर दिसली. आधीच्या मालकाने तिथे पाण्याच्या नळीचा तुकडा बसवलेला. डिझेलने तो फुगला, मऊ झाला आणि आवळलेल्या क्लिपने कापला.

डिझेलचीच नळी आणली, खोललेल्या बोल्टांना नवे तांब्याचे वायसर घातले. मग हवा काढली. आधी फिल्टरचा स्क्रू सैल करून हातपंप मारला, फेस जाऊन सलग डिझेल आले तसा आवळला. नंतर मेन पंपाचा स्क्रू. शेवटी नोझलच्या नट्या अर्धा आटा ढिल्या करून स्टार्टर थोडा थोडा मारला. पहिल्याच प्रयत्नात इंजिनाने आवाज धरला. वाचकांना एक सांगणे आहे. नट्या ढिल्या करण्याचा हा प्रकार जुन्या इंजिनापुरताच. आताच्या कॉमन रेल गाड्यांत दाब हजार किलोच्याही वर असतो. त्या पाइपांना चालू गाडीत हात लावू नये, गळती बोटाने तर मुळीच चाचपू नये. ती धार कातडीत घुसते.

खर्च झाला एकशे ऐंशी रुपये. मामांनी मजुरी घेतली नाही, चहा मात्र दोनदा घेतला. पुढच्या बैठकीत आम्ही खर्च वाचून दाखवला तेव्हा भाजीवाल्या बाईंनी कापलेली नळी मागून घेतली, वाकवून चीर पाहिली आणि शेजारणीकडे दिली. ती बाराही जणींच्या हातातून फिरली. थकलेले हप्ते दिवाळीपर्यंत आले.

टाकीला झाकण बसायला मात्र आणखी महिना गेला. तोवर तिथे फडक्याचा बोळा होता.