होडी बांधताना

होडी चालविणे आम्ही पन्नाशीनंतर शिकलो. ती बांधणेही शिकावे लागते, हे मात्र आमच्या ध्यानीमनी नव्हते. कुंडलिका नदी समुद्रास मिळते त्या रेवदंड्याच्या खाडीत सुटीच्या दिवशी लहानशी शिडाची होडी घेऊन हिंडावे, कंटाळा आला की एखाद्या सार्वजनिक धक्क्याला ती लावून गावात फेरफटका मारावा, एवढीच आमची चैन. इंग्रजी पुस्तकांतील माणसे टेम्स नदीवर होडी लावून खुशाल फराळास जातात, तसे आम्हीही जाऊ लागलो. पण टेडिंग्टनच्या वर टेम्सला भरती चढत नाही. आमच्या खाडीला चंद्राखेरीज कोणाचा लगाम नाही.

ह्या किनाऱ्यावर भरतीची वेळ पंचांगावरून निघते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की तास मिळतो: पौर्णिमा-अमावास्येस बाराच्या सुमारास, चतुर्थीस तीनला, अष्टमीस सहाला. रोज सुमारे ५० मिनिटे उशीर. अष्टमीच्या आसपासचा भांग सौम्य; मोठ्या उधाणाचे पाणी मात्र सहा तासांत दोन पुरुष उतरते. हा हिशेब आम्हांस तोंडपाठ होता. त्याच आधारे मार्गशीर्ष वद्य द्वितीयेस बरोबर दीडला, पाणी काठोकाठ असताना, आम्ही पायऱ्यांशी होडी लावली, हातभर दोराने खुंट्यास घट्ट बांधली आणि चौलच्या रामेश्वराच्या दर्शनास गेलो. पाणी दोन पुरुष खाली जाणार हे पाठ असलेल्या मनुष्याने हातभर दोर का ठेवावा? असे विद्यार्थी आम्ही दरवर्षी परीक्षेत पाहतो.

चौल म्हणजे पंधराव्या शतकात रशियाचा अफनासी निकितिन जेथे उतरला ते बंदर. आज तेथे नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. त्यांच्या सावलीत वेळ कसा गेला, कळले नाही.

परतलो तेव्हा सहा वाजले होते. होडी जागेवर नव्हती. खुंट्याला आमच्या दोराचे टोक लोंबत होते, सुरीने साफ कापलेले. होडी शंभर पावलांवर चिखलात कलंडलेली, दुसऱ्याच कोणाच्या नांगरास बांधलेली. आमचा संताप अनावर झाला. धक्का सार्वजनिक, आम्ही नागरिक. तक्रारअर्जाची पहिली तीन वाक्ये मनात तयारही झाली, आणि तीही इंग्रजीत. शेजारी जाळे सांधीत बसलेल्या वृद्ध तांडेलास आम्ही चढ्या स्वरात विचारले, "नाखवा, हा दोर कोणी कापला?"

"मीच," तो मान वर न करता म्हणाला. "मास्तर, होरी बांधली होती का टांगली होती?"

पाणी उतरले तशी होडी नाळेवर लटकली होती व मागून तीत पाणी शिरू लागले होते. ओढ बसलेली गाठ सुटेना, तेव्हा त्याने सुरी चालविली. नांगरही त्याचाच होता. आमचा राग ओसरला. पण तेवढ्यावर सुटका व्हावयाची नव्हती. जवळच टोपल्या धूत असलेली त्याची सून म्हणाली, "पायऱ्या तुमच्या होरीनं अडवल्या. आमी म्हावरं चिखलातून नेलं." तिच्या गुडघ्यांपर्यंतचा चिखल अजून पुरता वाळला नव्हता.

मासेमारीच्या होड्या धक्क्याकडे नाळ करून, मागे नांगर टाकून उभ्या राहतात. थोड्या जागेत पुष्कळ मावतात. आम्ही आमची होडी, ओसरीवर पाहुण्याने ताणून द्यावी तशी, पायऱ्यांसमोर आडवी पसरली होती. 'सार्वजनिक' ह्या शब्दावर आम्ही वर्गात तासन्‌तास बोललो आहोत. जेथून आपल्याला कोणी उठवू शकत नाही ती जागा, एवढाच त्याचा अर्थ आम्ही मनात धरून चाललो होतो, हे त्या संध्याकाळी ओशाळवाणेपणाने कळले. तांडेलाने कापलेल्या दोराचे पैसे देऊ केले. ते घेण्याइतके आम्ही निर्लज्ज नव्हतो.

नवा लांब दोर व एक नांगर घेऊन आम्ही पंधरवड्याने पुन्हा गेलो. ह्या खेपेस नाळ धक्क्याकडे, नांगर मागे, दोर सैल. आणि आम्ही गावात न जाता पुस्तक घेऊन होडीतच बसलो. "मास्तर, जरा सरका!" अशी हाक तासाभरात तीनदा आली. तिन्ही वेळा सरकलो. पुस्तक पहिल्याच पानावर राहिले.