जादाची अर्धी मात्रा

पहिला ताल कानात बसला तो वाडीतल्या रहाटाचा. गास गावातल्या केळीच्या बागेत जनावर गोल फिरे, गाडगी ओतली जात आणि फेऱ्यात एका जागी लाकूड जरा जास्तच कुरकुरे. ती लांबलेली कुरकुर दर फेऱ्याला यायची आणि मी तिची वाट पाहायचो.

चर्चच्या गायनमंडळात तबल्यावर बसलो तेव्हा केरवा-दादरा शिकलो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) मिस्सा मराठीत आली, तसा पेटी-तबल्यालाही देवळात मान मिळाला. तालात सम नेमकी गाठायची, हाच धडा. लग्नातल्या बॅण्डचंही तसंच, पावलागणिक ठोका.

पुढे एका मित्राकडे कॅसेटवर संगीतकार ओलिव्हिए मेसियांचं ‘क्वार्टेट फॉर द एंड ऑफ टाइम’ ऐकलं. क्लॅरिनेट आणि व्हायोलिन पक्ष्यांसारखी बोलत होती आणि पियानोची सम काही केल्या सापडेना. विसाव्या शतकातल्या पाश्चात्त्य संगीताने समान ठोक्याची सक्ती मोडली, हे ऐकून माहीत होतं. संगीतकार शोनबर्गच्या बारा स्वरांच्या गणिताविषयी मला आदर आहे. ओढ मात्र मेसियांची. पॅरिसच्या त्रिनिते चर्चचा हा श्रद्धाळू ऑर्गनवादक जर्मनांचा युद्धकैदी झाला आणि १५ जानेवारी १९४१ रोजी ग्योर्लिट्झच्या छावणीत, कैद्यांसमोरच, ही रचना पहिल्यांदा वाजली. तिच्या पहिल्या भागात पियानोत १७ कालमूल्यांची आणि २९ स्वरसंघातांची अशा दोन माळा एकदम फिरतात. पुन्हा एकत्र सुरुवात व्हायला ४९३ स्वरसंघात वाजावे लागतील. त्याआधीच तो भाग संपतो.

आणि त्या १७ मूल्यांत रागवर्धन, चंद्रकला, लक्ष्मीश हे आपले देशी ताल! ‘संगीतरत्नाकरा’तल्या १२० देशी तालांची यादी मेसियांला एका फ्रेंच ज्ञानकोशात मिळाली होती. तो ग्रंथ तेराव्या शतकात देवगिरीत, यादव राजा सिंघणाच्या पदरी हिशेब सांभाळणाऱ्या शार्ङ्गदेवाने लिहिला. सरळ चालत्या लयीत अर्धी मात्रा जादा घालून तिला किंचित लंगडवण्याची मेसियांची खोड मला अतिशय प्रिय आहे. काळ पुढे सरकायचं सोडून तिथे थांबतो. प्रार्थनेला तसाच थांबलेला काळ लागतो.

गायनमंडळातल्या पोरांना दोन माळा एकदम फिरण्याचं गणित मी टाळ्यांवर शिकवतो. एक गट दर तीन मात्रांनी टाळी देतो, दुसरा दर पाचांनी. पंधरा मोजून सोळाव्याला दोघांची टाळी एकत्र पडते आणि पोरं ओरडतात. मग त्यांना १७ आणि २९ सांगतो.