जुनं सोल्युशन

आमचं सायकलचं दुकान भवानी पेठेत होतं. दुकान म्हणजे आठ बाय दहाची खोली, दारात पाण्याचं घमेलं, दोन पंप आणि भाड्यानं द्यायच्या सात सायकली. पोट भरायचं ते पंक्चरवर. पण अब्बांची इज्जत होती ती रेसवाल्या पोरांमुळं. मुंबई-पुणे शर्यतीची तयारी करणारी पोरं चाकाचा आऊट काढायला लांबून अब्बांकडंच यायची.

रेसचा टायर साध्या टायरसारखा नसतो. साध्या टायरच्या कडेत तार असते, ती रीममध्ये अडकून बसते. रेसच्या टायरात ट्यूब आत घालून तळ शिवून टाकलेला असतो. सगळी मिळून एक गोल नळीच. रीमही उथळ, धरून ठेवायला कडा नाही. टायर जागेवर राहतो तो हवेच्या दाबावर आणि सोल्युशनवर.

म्हणून टायर बदलताना जुनं सोल्युशन किती काढायचं, हा खरा हुन्नर. पातळ, सगळीकडं सारखा आणि चिकट थर असेल तर अब्बा त्याला हात लावायचे नाहीत. नवं त्यावर छान बसतं. पण गुठळ्या झाल्या असतील, वाळून पापुद्रे सुटत असतील किंवा कुणी भलत्याच जातीचं सोल्युशन फासलं असेल, तर रीम उघडी पाडायची. चिंध्या थिनरमध्ये भिजवून रीमवर गुंडाळायच्या. वरून प्लॅस्टिकची पिशवी बांधायची, म्हणजे थिनर उडत नाही. आणि अर्धा तास चाकाकडं बघायचंसुद्धा नाही. हा अर्धा तासच कुणाला निघत नाही! मग मऊ झालेलं लाकडी पट्टीनं खरवडायचं. स्क्रू-ड्रायव्हर लावला की ॲल्युमिनियमवर ओरखडे पडतात. शेवटी कोऱ्या फडक्यावर थिनर घेऊन पुसत राहायचं, फडकं पांढरं निघेपर्यंत. एका चाकात अर्धा दिवस जायचा. मजुरी किती मिळायची ते आज सांगायलाही लाज वाटते.

1986 साली पावसाळा संपता संपता एका पोराचं मागचं चाक माझ्या हाती आलं. मी पंधरा वर्षांचा. अब्बा तापानं घरी पडलेले. थिनर संपलं होतं. आणायला पैसे होते, पण मला संध्याकाळी पिक्चरला जायचं होतं. दुकानात रॉकेल होतं. रॉकेलनं सोल्युशन सुटतं, पण मागं तेलकटपणा राहतो आणि त्यावर नवं धरत नाही. हे मला माहीत होतं. तरी मी रॉकेल लावलं, वरवर खरवडलं, सुकं फडकं फिरवलं आणि टायर चढवून टाकला. दिसायला अगदी बेस्ट बसला होता.

चौथ्या दिवशी कात्रजचा घाट उतरताना एका वळणावर तो टायर रीमवरून निसटला. उतारावर सारखा ब्रेक लागला की रीम तापते आणि सोल्युशन नरम पडतं. इथं तर खाली रॉकेलच होतं. पोराचं कॉलरबोन मोडलं, एक गाल सोलवटून निघाला. त्याची त्या साली शर्यत हुकली ती हुकलीच.

त्याचे वडील चाक घेऊन दुकानात आले. अब्बांनी रीमवर बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं. माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"साहेब, माझ्याच हातनं बसवलं होतं. चूक माझी आहे."

दवाखान्याचा खर्च अब्बांनी दिला. भाड्याच्या सातांतल्या दोन सायकली विकल्या. रात्री फळ्या लावताना मला एवढंच विचारलं, "थिनर के पैसे गल्ले में थे ना?"

"थे."

पुढं 2003 च्या जुलैत टूर द फ्रान्समध्ये जोसेबा बेलोकी पडला. शर्यतीत दुसऱ्या क्रमांकावर होता. गाप गावाकडं उतरताना, उन्हानं वितळलेल्या डांबरावर त्याचं मागचं चाक फसलं आणि टायर रीमवरून सुटला. मांडीचं हाड, कोपर, मनगट मोडलं. त्यानंतर तो पूर्वीसारखा कधीच दिसला नाही. पेपरातला फोटो मी अब्बांपुढं धरला. चष्मा लावून त्यांनी तो बराच वेळ पाहिला.

"किसने लगाया था?" त्यांनी विचारलं.

त्या विषयावर आमचं एवढंच बोलणं झालं. अब्बा आता नाहीत.

दुकान मी चालवतो. बडे रेसवाले आता ट्यूबलेसकडं वळलेत, रीमही कार्बनच्या आल्यात. त्यांच्यावर वाटेल ते थिनर ओतून चालत नाही. तरी अधूनमधून कुणी ॲल्युमिनियमचं जुनं चाक घेऊन येतंच. मी चिंध्या भिजवतो, पिशवी बांधतो.

तो पोरगा आता साठीला टेकलाय. कॅम्पात कधीमधी भेटतो. पाठीवर हात ठेवून म्हणतो, "तुझे वडील म्हणजे दिलदार माणूस. आपली चूक तोंडावर कबूल करणारा दुसरा मिस्त्री मी पाहिला नाही."

मी दोन चहा सांगतो.