ठेवावा की विकावा?

आमच्या कळंबात वर्तमानपत्र मागच्या पानापासून वाचायला सुरुवात होते. राजधानीत कोण कोणाला काय म्हणाले हे जाणून घेण्याची घाई इथे फारशी कोणाला नसते. बाजारभाव कुठल्या कोपऱ्यात छापले आहेत ते आधी शोधायचे, कापूस, तूर आणि सोयाबीन या तीन ओळींवर बोट फिरवायचे आणि मग चहाचा पहिला घोट घ्यायचा, असा हा नित्याचा क्रम. हल्ली हे सारे मोबाइलवर येते, त्यामुळे पाने उलटण्याचे कष्ट वाचले. बोट मात्र अजून त्याच तीन ओळींवर फिरते.

मी शाळामास्तर, आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. त्यामुळे जगात जे जे छापून येते ते ते मला कळते, अशी माझ्याबद्दल गावात समजूत आहे. वास्तविक माझ्या शिक्षणाची गाडी मॅट्रिकच्या स्टेशनावर थांबली ती थांबलीच. तरी आश्विन सरत येतो, शेतात सीतादही होऊन पहिल्या वेचणीचा कापूस घरात येतो, आणि संध्याकाळी माझ्या ओट्यावर कोणी ना कोणी येऊन बसतो. पावसापाण्याच्या चार गोष्टी होतात. मग हळूच विषय निघतो, "गुर्जी, कापूस ठेवू का इकू?"

इतका कठीण प्रश्न परीक्षेच्या कोणत्याही पेपरात मी पाहिलेला नाही. कारण त्याचे उत्तर कळंबात नसते. ते कुठे कुठे दडलेले असते ते पाहा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, आमच्या पऱ्हाटीला पात्या-फुले धरत असताना, सरकारने परदेशी कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क उठवले. आधी ही सवलत सप्टेंबरअखेरपर्यंत होती, पुढे ती डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. त्याच महिन्यात अमेरिकेने भारतीय मालावरची जकात ५० टक्क्यांवर नेली, आणि कापड-कपडे पाठवणारे कारखानदार चिंतेत पडले. गिरण्यांना स्वस्त रुई हवी होती, ती त्यांना मिळाली. आमच्या गल्लीतल्या एका काकांनी ही बातमी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि विचारले, "अमेरिकेच्या भांडनात आपल्या कापसाचा काय गुन्हा, गुर्जी?"

काकांना मी सांगितले, की हे भांडण आजचे नाही. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेकडच्यांनी दक्षिणेची बंदरे अडवली, इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकन रुई मिळेना, आणि त्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. वऱ्हाड तर १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात होतेच. इथल्या काळ्या मातीत पिकणाऱ्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. १८६५ साली युद्ध संपले आणि भावही कोसळला. ज्या लढाईचे नावसुद्धा ऐकले नव्हते, तिने आमच्या पणजोबांच्या पणजोबांना चार वर्षे चढवले आणि मग खाली उतरवले. ते का चढले आणि का उतरले हे त्यांना सांगायला कोणी नव्हते.

पुढे बातमीचा वेग वाढत गेला. १८६७ साली मुंबईची आगगाडी बडनेरा-वर्ध्यावरून नागपूरला पोहोचली. १८७० साली समुद्राखालच्या तारेने मुंबई थेट इंग्लंडला जोडली गेली, आणि लिव्हरपूलचा भाव बोटीची वाट न पाहता येऊ लागला. १९०३ साली यवतमाळ ते मूर्तिजापूर ही छोटी गाडी सुरू झाली. पुढे शकुंतला या नावाने लाडकी झालेली हीच ती गाडी. तिचा जन्म मुळात कापूस वाहून नेण्यासाठी झाला होता. माणसे तिच्यात बसली ती ओघानेच. आणि आमच्या कळंबाला रेल्वे मिळायला २०२४ साल उजाडले. त्या वर्षी २८ फेब्रुवारीला वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचा वर्धा ते कळंब हा तुकडा खुला झाला. चिंतामणीच्या दर्शनाला येणाऱ्यांची सोय झाली, आणि पोरांना रूळ बघायला एक नवी जागा मिळाली.

त्यानंतर बातमीने रूळही मागे टाकले. २०२५ च्या हंगामात सीसीआयला, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाला, हमीभावाने कापूस विकायचा तर 'कपास किसान' नावाच्या ॲपवर नोंदणी करणे सक्तीचे झाले. आधार क्रमांक, सातबारा, पिकाची नोंद, आणि मग गाडी कोणत्या दिवशी आणायची त्याची वेळ. ज्यांचे मोबाइल नुसते बोलण्यापुरते, ते पोरांना हाताशी धरून बसले. माझ्या वर्गातल्या दोन मुलींनी त्या आठवड्यात अख्ख्या गल्लीची कागदपत्रे मोबाइलमध्ये भरून दिली. त्यांच्या हुशारीचा मला अभिमान वाटला. मध्ये दलाल नाही, कोणाची ओळख लागत नाही, ही गोष्ट लहान नव्हे.

मग अडते कुठे? त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला हमीभाव होता क्विंटलला ८११० रुपये. बाजारात त्याहून कमी मिळत होते. म्हणजे हिशेब सरळ, कापूस केंद्रावर न्यावा. परंतु केंद्रावर गाडीत आधी ओलावा मोजायचे यंत्र खुपसतात. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पुरा भाव, त्यावर टक्क्याटक्क्याने कपात, आणि १२ टक्क्यांच्या वर गेला की गाडी परत. परतीचा पाऊस लांबला किंवा दिवाळीच्या दवात वेचणी झाली, की कापूस हाताला ओला लागतो. तो वाळवायला ऊन हवे, जागा हवी, आणि मुख्य म्हणजे दिवस हवेत.

दिवस कोणाकडे असतात? इथे काकांचा संसार उघडून पाहावा लागतो. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. मातीतल्या एका जिवाणूचा गुण बियाण्यात उतरवला, आणि बोंडअळी पान खाऊन मरू लागली. विज्ञानाची ही करामत खरीच होती. मात्र ही वाणे संकरित, त्यांची सरकी पुढच्या वर्षी पेरून तसे पीक येत नाही. म्हणून बियाणे दर वर्षी विकत. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने त्या विषालाही दाद दिली नाही, आणि फवारण्या वाढल्या. त्याच हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले, ही आठवण अजून ताजी आहे. या साऱ्याचा खर्च जूनपासून होतो आणि पैसा हाती येतो तो कापूस विकल्यावर. कृषी केंद्राची उधारी दिवाळीला फेडायची, वेचणीची मजुरी आठवड्याच्या आठवड्याला, आणि लेक माहेरी येणार ती याच दिवसांत.

खेडा खरेदीचा व्यापारी दारात येतो, काटा लावतो, ओला म्हणून भाव पाडतो, पण नोटा जागच्या जागी मोजतो. मी काकांना म्हटले, "काका, महिनाभर थांबा. कापूस वाळेल, केंद्रावर नंबर लागेल, हजारभर रुपये जास्त पडतील."

काका हसले. "भाव वाढन, ते मलेबी समजते, गुर्जी. पन पोराची फी महिनाभर थांबन काय?"

या एका वाक्यात मला जे अर्थशास्त्र सापडले ते कुठल्या अग्रलेखात सापडले नव्हते. दीडशे वर्षांत आपण बातमी वेगवान केली, गाडी वेगवान केली, नोंदणी वेगवान केली. काकांना आज लिव्हरपूलच काय, न्यूयॉर्कचाही भाव त्याच घटकेला कळतो. परंतु जाणणे आणि थांबणे या दोन निराळ्या शक्ती आहेत. पहिली आता सर्वांना जवळजवळ सारखी मिळाली. दुसरी अजून ज्याच्या घरात चार पैसे आहेत त्याचीच आहे.

थांबणाऱ्याचे नेहमी भले होते असेही नाही. २०२२ साली ज्यांनी कापूस ठेवला त्यांना क्विंटलला दहा हजारांच्या वर मिळाले. ते पाहून पुढच्या हंगामात पुष्कळांनी खोल्या भरून ठेवल्या. भाव वाढायच्या ऐवजी उतरत गेला, घरात माणसांना झोपायला जागा उरली नाही आणि अंगाला खाज सुटली. तरीही ठेवण्याचा किंवा विकण्याचा निर्णय आपला आपण घेणे यात माणसाची एक प्रतिष्ठा असते. चुकला तरी तो निर्णय असतो. उधारीवाला दारात बसला म्हणून विकणे हा निर्णय नव्हे.

यावर उपाय नाही असेही नाही. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९० पासून चालू आहे. तूर किंवा सोयाबीन बाजार समितीच्या गोदामात ठेवायचे, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजाने उचलायची आणि भाव पाहून सहा महिन्यांत विकायचे. थांबण्याची शक्ती उसनी देणारी ही कल्पना फार शहाणपणाची आहे. कापसासारख्या फुगणाऱ्या, पेट घेणाऱ्या मालाला गोदाम पुरवणे अवघड खरे. पण ज्यांनी समुद्राच्या तळातून तार नेली त्या माणसाच्या जातीला कळंबात कोरडी कोठारे बांधणे जमू नये काय?

दिवाळीचा फराळ करता करता हा हिशेब वाचणाऱ्यांसाठी शेवटी एक लहानसे गणित देतो. मास्तराची खोड, दुसरे काय! एका सुती सदऱ्याला सुमारे पाव किलो रुई लागते. क्विंटलभर कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. म्हणजे सदऱ्यामागे पाऊण किलोच्या आसपास कापूस. पुऱ्या हमीभावाने धरला तरी त्याचे झाले साठ रुपये. आता सदऱ्याच्या कॉलरला लटकणारी किमतीची चिठ्ठी पाहा. काकांना क्विंटलमागे ते हजार रुपये जास्त मिळाले असते, तर त्या चिठ्ठीवरचा आकडा वाढला असता साडेसात रुपयांनी.