पाहण्यासाठी नसलेले नृत्य

काठमांडूला गेलेला मराठी माणूस पशुपतिनाथाचे दर्शन घेतो, माकडांना चुकवीत स्वयंभूच्या पायऱ्या चढतो आणि रुद्राक्षाची माळ घेऊन परततो. त्याने सवड काढून बागमती ओलांडावी आणि पाटणच्या बोळांत शिरावे. ठेंगण्या दारातून वाकून आत गेले की एकदम चौक उघडतो. मध्ये चैत्य, भोवती कोरीव खिडक्या. हे 'बहाल', म्हणजे नेवार बौद्धांचे विहार. इथले भिक्षू शतकांपूर्वीच संसारी झाले. त्यांच्या वंशातले वज्राचार्य आज पौरोहित्य करतात. बहालात 'आगम' नावाचे गुप्त देवघर असते. दीक्षा नसलेल्याला तिथे मज्जाव! तिथेच पिढ्यान् पिढ्या चर्यानृत्य जपले गेले.

आपला वारकरी देवापुढे नाचतो. इथे नाचणाऱ्याने देवच व्हायचे असते. तो आधी ध्यानाने स्वतःला तारा, मंजुश्री किंवा वज्रयोगिनी मानतो आणि मगच पाऊल उचलतो. मंजुश्रीच्या हातातली तलवार अज्ञान छेदण्यासाठी. देह हा मुक्तीच्या वाटेतला अडसर नव्हे, तेच साधन, असे तंत्रमार्ग सांगतो. म्हणून मुद्रेत देह, गीतात वाणी आणि ध्यानात मन, अशी तिन्ही एकाच ठेक्यात गुंफायची. पूजेच्या सोळा देवींत पुष्पा, धूपा, दीपा यांच्या जोडीने वीणा, मृदंगा, गीता आणि नृत्याही आहेत. फूल वाहावे, तसाच सूर वाहायचा!

अशा गीतांची परंपरा किती जुनी, हे 1907 साली उमगले. हरप्रसाद शास्त्रींना काठमांडूच्या दरबार ग्रंथालयात चर्यापदांची पोथी सापडली. 1916 मध्ये ती छापली गेली. पदांच्या माथ्यावर रागांची नावे आहेत. त्यांतल्या कित्येक पदांचा कर्ता कान्हपा. हाच अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मढीचा कानिफनाथ, असे अनेक अभ्यासक मानतात. काठमांडू आपल्याला वाटते तेवढे परके नाही!

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे नृत्य रंगमंचावर आले. दार बंद ठेवावे, तर शिकणारा मिळत नाही. उघडावे, तर साधनेची करमणूक होते. या पेचावर सोपा तोडगा नाही. पण त्या दारातून आत डोकावायला मिळाले, तर प्रवाशाने एवढे करावे: नृत्य संपल्यावर टाळ्या वाजवण्याआधी क्षणभर हात जोडावेत.